स्ट्रीम प्रोसेसिंगसाठी कोणती भाषा निवडावी?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आमच्या टीमकडे नवीन काम आलंय आणि सुरुवातीलाच भाषेच्या प्रश्नावर गाडी अडली आहे. यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरची रीडिंग काफ्कात (मेसेजच्या रांगा साठवणाऱ्या प्रणालीत) येतात. प्रत्येक यंत्राची मागच्या काही मिनिटांची सरासरी काढायची, मर्यादा ओलांडली की लगेच इशारा द्यायचा आणि तापमान व कंपन या दोन स्ट्रीम जोडून बिघाडाचा अंदाज बांधायचा. हे सगळं डेटा येईल तसतसं करायचंय, रात्री बॅच चालवून नाही.

एक अडचण आधीच सांगते. मधला गेटवे नेटवर्कपासून तुटला की तो रीडिंग स्वतःकडे साठवतो आणि जोडणी परत आली की सगळी एकदम पाठवतो. त्यामुळे ताज्या डेटाच्या मागून जुना डेटा येऊन धडकतो, कधी तासाभराचाही.

टीममध्ये बहुतेक जण पायथनवाले, बिघाडाचं मॉडेलही पायथनमध्येच तयार झालंय. दोघांचा हात जावावर बसलेला आहे. एक जण गोमध्ये काम करतो, आणि एकाचा रस्टसाठी आग्रह आहे, कारण 'स्ट्रीमिंगला वेग लागतो'. इशाऱ्याला दोनचार सेकंद लागले तरी चालतील, पण एकच रीडिंग दोनदा मोजलं गेलेलं चालणार नाही.

ज्यांनी असे जॉब प्रत्यक्ष चालवले आहेत त्यांचं मत हवंय.

प्रतिसाद १

जावा. काफ्का स्ट्रीम्स ही लायब्ररी वापरा नाहीतर फ्लिंक हे इंजिन, दोन्हीकडे घरची भाषा तीच. दोन जावावाले आहेत म्हणताय, तेवढे सुरुवातीला पुरतात.

प्रतिसाद २

क्र. १ चं उत्तर बरोबर निघण्याची शक्यता आहे, पण त्यामागचं कारण नीट मांडायला हवं. नाहीतर सहा महिन्यांनी टीममधला कुणीतरी हाच वाद पुन्हा काढेल.

भाषेच्या आधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा: तुमच्या जॉबची स्टेट, म्हणजे आतापर्यंतच्या मेसेजमधून लक्षात ठेवायची माहिती, कुठे राहणार? येणारा प्रत्येक मेसेज नुसता गाळायचा, त्याचं रूप बदलायचं आणि पुढच्या टॉपिकवर (काफ्कातल्या रांगेवर) टाकायचा, एवढंच असेल तर कुठलीही भाषा घ्या. काफ्काचा क्लायंट जवळपास सगळ्या भाषांत मिळतो. तुमचं काम मात्र तसं नाही. सरासरीसाठी विंडो, म्हणजे ठराविक मिनिटांचा कप्पा, उघडी ठेवावी लागणार. दोन स्ट्रीम जोडायच्या तर एका बाजूचं रीडिंग दुसऱ्या बाजूची वाट बघत कुठेतरी थांबणार. तेवढ्यात मशीन बंद पडलं तर ते सगळं जसंच्या तसं परत मिळायला हवं, आणि ऑफसेटही (काफ्कात कुठवर वाचलं तो क्रमांक) नेमका त्याच क्षणाचा हवा. शिवाय उद्या लोड वाढला की हीच स्टेट दुप्पट मशीनवर वाटता आली पाहिजे.

हे पक्कं करणारी इंजिनं थोडी आहेत आणि त्यातली सर्वांत मुरलेली जेव्हीएमवरची (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेवरची) आहेत. त्याला इतिहास आहे. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं, २०११ मध्ये ओपन सोर्स झालं, ते स्काला आणि जावात लिहिलेलं. स्पार्क स्कालात. फ्लिंक बर्लिनच्या स्ट्रॅटोस्फिअर या संशोधन प्रकल्पातून आलं, ते जावात. स्टॉर्मचा गाभा सुरुवातीला क्लोजरमध्ये होता, २०१९ च्या २.० आवृत्तीत तो जावात नव्याने लिहिला गेला. त्यामुळे या क्षेत्रात आधी इंजिन निवडलं जातं आणि भाषा बरीचशी त्याच्यासोबतच येते.

प्रतिसाद ३

गोची बाजू मांडतो. आमच्याकडे काफ्कातून वाचणाऱ्या बऱ्याच सर्व्हिस गोमध्ये आहेत आणि त्या अतिशय शांतपणे चालतात. एकच बायनरी, मेमरी कमी, क्षणात सुरू होते. जेव्हीएमच्या हीपच्या (मेमरीच्या) सेटिंगशी झगडावं लागत नाही. नवीन माणूस आला की आठवड्याभरात कोड वाचायला लागतो. स्टेट आम्ही रेडिस या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवतो.

फ्लिंकचा क्लस्टर उभा करणं, त्याचे चेकपॉइंट (स्टेटच्या ठराविक वेळाने घेतलेल्या प्रती) सांभाळणं, त्याची आवृत्ती वाढवणं हेही काम आहे. भाषेच्या चर्चेत ते कुणी धरत नाही. धागाकर्तीच्या टीमला हे झेपेल का, हा विचार झाला पाहिजे.

प्रतिसाद ४ (क्र. २ चा लेखक)

ऑपरेशनच्या ओझ्याबद्दल पूर्ण सहमत. ते टाळायचं असेल तर काफ्का स्ट्रीम्स ही नुसती लायब्ररी आहे, वेगळा क्लस्टर लागत नाही. तुमच्या गो सर्व्हिससारखीच ती साधी सर्व्हिस म्हणून चालते. २०१६ पासून काफ्काबरोबरच येते.

पण रेडिसचा मुद्दा मला सोडून देता येत नाही. तुम्ही रीडिंग वाचलं, रेडिसमध्ये बेरीज वाढवली आणि काफ्काला ऑफसेट कळवायच्या आत प्रोसेस मेली. परत सुरू झाल्यावर तेच रीडिंग पुन्हा येणार आणि बेरीज दुसऱ्यांदा वाढणार. उलट क्रमाने केलंत तर रीडिंग हरवणार. 'आतापर्यंतचं कमाल तापमान' काढत असाल तर काही बिघडत नाही, तीच किंमत पुन्हा लिहिली जाते. सरासरीत आणि मोजणीत मात्र बिघडतं, आणि धागाकर्तीने नेमकं तेच चालणार नाही म्हटलंय.

काफ्का स्ट्रीम्स स्टेटमधला प्रत्येक बदल चेंजलॉग टॉपिकवर लिहिते, आणि एक्झॅक्टली-वन्स (प्रत्येक मेसेज नेमका एकदाच मोजण्याची सोय) चालू केलं की तो बदल, बाहेर जाणारा मेसेज आणि ऑफसेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधते. फ्लिंकची पद्धत वेगळी आहे. ते डेटाच्या प्रवाहातच खुणा सोडतं. खूण ज्या ऑपरेटरपाशी पोचते तो आपल्या स्टेटचा स्नॅपशॉट घेतो आणि खूण पुढे ढकलतो. चॅन्डी आणि लॅम्पोर्ट यांच्या १९८५ च्या अल्गोरिदमवर हे बेतलेलं आहे. हे गोमध्ये हाताने लिहिता येत नाही असं नाही. पण लिहिलंत, की तुम्ही सेन्सरचं काम बाजूला ठेवून स्ट्रीम प्रोसेसिंगचं इंजिनच बांधत बसलेले असता.

प्रतिसाद ५

पायथनबद्दल कुणीच बोललं नाही. टीम पायथनची आहे तर तो पर्याय नीट तपासून मगच बाजूला ठेवावा.

पायफ्लिंक, म्हणजे फ्लिंकचं पायथन रूप, अनेकांना वाटतं तितकं सरळ नाही आणि तितकं वाईटही नाही. तुमचा पायथन कोड जॉबचा आराखडा बनवतो, तो आराखडा जेव्हीएमवर चालतो. टेबल एपीआयमध्ये फक्त आधीपासून असलेली फंक्शनं वापरलीत तर जॉब चालू असताना पायथनला कामच नसतं, वेग जावाइतकाच मिळतो. स्वतःचं पायथन फंक्शन लिहिलं की मात्र चित्र बदलतं. प्रत्येक रेकॉर्ड सीरियलाइझ होऊन (बाइट्समध्ये बदलून) शेजारच्या पायथन प्रोसेसकडे जातो आणि उत्तर तसंच उलट्या वाटेने येतं. फ्लिंक हे गठ्ठ्यागठ्ठ्याने करतं म्हणून निभावतं. एका वेळी अनेक रेकॉर्ड हाताळणारी पांडासवाली व्हेक्टराइझ्ड फंक्शनं अ‍ॅरो या डेटा फॉरमॅटच्या मदतीने डेटा नेतात, त्यांनी बराच फरक पडतो. १.१५ पासून पायथन जेव्हीएमच्याच प्रोसेसमध्ये चालवायचीही सोय आहे, पण तेव्हा जीआयएलची (पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालू देणाऱ्या कुलपाची) अडचण डोकं वर काढते.

मला वेगापेक्षा डीबगिंगची चिंता जास्त आहे. पायथनमधली चूक जावाच्या लांबलचक स्टॅकट्रेसच्या पोटात सापडते. टीममधल्या कुणालाच जावा वाचता येत नसेल तर अशा रात्री फार जड जातात. तुमच्याकडे दोघं आहेत हे चांगलंच आहे.

बाइटवॅक्सही पाहून ठेवा, वरून पायथन आणि आत टाइमली डेटाफ्लो हे रस्टमधलं इंजिन. कल्पना मला मनापासून आवडते. पण अशा कुठल्याही लहान प्रकल्पावर वर्षानुवर्षांचं काम टाकण्याआधी त्याचा कोड आज कोण सांभाळतंय ते तपासा. रॉबिनहूड कंपनीने पायथनसाठी केलेलं फाउस्ट बऱ्याच जणांनी उत्साहाने घेतलं होतं. मूळ प्रकल्पाचं काम थांबलं आणि पुढे समुदायाला त्याची वेगळी शाखा चालवावी लागली.

धागाकर्ती

सर्वांचे आभार, खूपच उपयोगी चर्चा चाललीय. क्र. ५, दोनचार सेकंदांचा उशीर चालणार असेल तर स्पार्क का नको, असं आमच्यातले पायथनवाले विचारताहेत. पायस्पार्क (स्पार्कचं पायथन रूप) त्यांना आधीच येतं.

प्रतिसाद ६

विचारतायत ते योग्यच आहे. स्पार्कचं स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग मुळात छोट्या छोट्या बॅच चालवतं, सेकंदांत मोजायचं असेल तर त्याने काही अडत नाही. डेटाफ्रेमची साधी ऑपरेशन्स पायथनमधून लिहिली तरी जेव्हीएमवरच चालतात. सरासरी आणि मर्यादेचा इशारा एवढंच काम असतं तर मी म्हटलं असतं, पायस्पार्क घ्या आणि पुढे चला.

पण तुमच्या धाग्यातलं गेटवेचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यावर अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या इंजिनांना 'अमुक वेळेपर्यंतचा डेटा आला' हे वॉटरमार्कवरून कळतं. वॉटरमार्क विंडोच्या टोकापुढे गेला की विंडो बंद होते आणि उत्तर बाहेर पडतं. मेख अशी की वॉटरमार्क यंत्रागणिक वेगळा नसतो. स्पार्कमध्ये तो पूर्ण क्वेरीचा एकच असतो. फ्लिंक तो काफ्काच्या प्रत्येक पार्टिशनसाठी (टॉपिकच्या एकेका भागासाठी) वेगळा मोजू शकतं, पण पुढे सगळ्यांतला सर्वांत मागचा धरतं, आणि एका पार्टिशनमध्ये अनेक यंत्रं असतातच. आता एक गेटवे तासभर तुटला. बाकीची यंत्रं चालू आहेत, त्यांच्या जोरावर वॉटरमार्क पुढे सरकत राहिला. गेटवे परत आला तेव्हा त्याचा तासभराचा डेटा 'उशिरा आलेला' ठरतो आणि गुपचूप टाकून दिला जाऊ शकतो. एरर येत नाही, जॉब हिरवा दिसतो, फक्त त्या तासाची सरासरी चुकीची असते.

वॉटरमार्क तासभर मागे ठेवून चालवला तर डेटा वाचतो, पण मग विंडोचं पक्कं उत्तर तासभर उशिरा. दोन्ही नकोत.

म्हणून तुम्ही विंडोच्या तयार फंक्शनांपेक्षा खालच्या पातळीवर उतरलेलं बरं. फ्लिंकच्या डेटास्ट्रीम एपीआयमध्ये कीड प्रोसेस फंक्शन आहे. त्यात प्रत्येक यंत्राची स्टेट आणि टायमर तुमच्या हातात राहतात. या यंत्राचं शेवटचं रीडिंग कधीचं, मागे पडलेला डेटा आला तर जुनी सरासरी दुरुस्त करून 'सुधारित' म्हणून पुन्हा पाठवायची का, हे तुम्हीच लिहिता. फार उशिरा आलेलं रीडिंग फेकून न देता साइड आउटपुटने वेगळ्या टॉपिकवर काढता येतं. स्पार्कनेही ४.० मध्ये ट्रान्सफॉर्म-विथ-स्टेट आणून बरंच अंतर कापलंय, पण या कामात फ्लिंक जास्त मुरलेलं आहे.

आणि आता भाषा. या खालच्या पातळीवर प्रत्येक रेकॉर्डसाठी तुमचाच कोड चालतो. क्र. ५ ने सांगितलेला पायथनचा सीरियलायझेशनचा खर्च बरोबर इथेच पूर्ण भरावा लागतो. शिवाय पायफ्लिंकमध्ये नव्या गोष्टी जावाच्या मागून येतात. म्हणून जावा.

प्रतिसाद ७

स्कालावर माझं प्रेम आहे, तरी सांगतो, फ्लिंकसाठी नव्याने स्काला घेऊ नका. स्काला एपीआय आधी डेप्रिकेट झाला आणि २०२५ च्या फ्लिंक २.० मध्ये काढूनच टाकला. त्याआधीही तो स्काला २.१२ वर अडकून पडला होता. स्कालातून जावाचा एपीआय वापरता येतो, पण सीरियलायझेशनची जबाबदारी तुमच्यावर येते. स्पार्कची गोष्ट वेगळी, तिथे स्कालाला अजून पहिलं पान आहे.

कोटलिनचा विचार मनात येईल म्हणून तेही लिहितो. भाषा सुरेख आहे, फ्लिंकबरोबर चालतेही. पण डेटा क्लासमध्ये सगळं व्हॅल ठेवलंत आणि रिकामा कन्स्ट्रक्टर नसला, तर फ्लिंक त्याला पोजो (स्वतःला नीट हाताळता येणारा साधा क्लास) मानत नाही आणि क्रायो या सर्वसाधारण सीरियलायझरकडे वळतं. जॉब चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आधी वेग घटतो. पुढे कधी क्लासमध्ये एक फील्ड वाढवता आणि जुना सेव्हपॉइंट (स्टेटची मुद्दाम जपलेली प्रत) उघडत नाही. हे जावातही होऊ शकतं. कॉन्फिगरेशनमध्ये जेनेरिक टाइप्स बंद करून ठेवा, म्हणजे असा क्लास आला की जॉब सुरूच होणार नाही आणि चूक पहिल्याच दिवशी समोर येईल.

जावा आता पूर्वीइतकी बोजड राहिलेली नाही. १६ मध्ये रेकॉर्ड आले, २१ मध्ये स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग पक्कं झालं. पायथनवाल्यांनी एकदा नव्या नजरेने पाहावं.

प्रतिसाद ८

रस्टचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्याची बाजू मला समजते. रस्ट मी रोज लिहितो. त्यांचा मुद्दा बहुधा गार्बेज कलेक्शनचा असणार: न लागणारी मेमरी मोकळी करायला जेव्हीएम मध्येच थांबतं. पूर्वी ही तक्रार रास्त होती. पण झेडजीसी हा कलेक्टर जावा १५ पासून प्रॉडक्शनसाठी मान्य आहे, २१ मध्ये त्याचं जनरेशनल रूप आलं आणि त्याचे थांबे मिलिसेकंदाच्या आत राहतात. त्यात फ्लिंकची मोठी स्टेट रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये ठेवली तर ती जेव्हीएमच्या हीपमध्ये नसतेच, कलेक्टरला ती चाळावी लागत नाही. दोन सेकंदांची मुभा असलेल्या कामात हा मुद्दा उरत नाही.

रस्टची खरी जागा इंजिन लिहिण्यात आहे. रायझिंगवेव्ह, मटेरिअलाइझ, अरोयो ही तिन्ही रस्टमध्ये आहेत. पण गंमत बघा, ती वापरणारा लिहितो एसक्यूएल. तुमच्याकडे रस्ट हवीच असेल तर गेटवेवर लिहा. तिथे मेमरी थोडी असते, प्रोसेस महिनोन्महिने बंद न पडता चालायला हवी आणि साठवलेलं एकही रीडिंग हरवता कामा नये. ते काम रस्टला शोभणारं आहे.

प्रतिसाद ९

एसक्यूएलचा विषय निघालाच आहे तर ती भाषाही या यादीत धरा असं सुचवेन. ठराविक मिनिटांची सरासरी फ्लिंक एसक्यूएलमध्ये पाचसात ओळींत होते आणि ती टीममधला प्रत्येक जण वाचू शकतो. कोड रिव्ह्यूत हा फार मोठा फायदा आहे.

दोन ठिकाणी सावध राहा. साधा जॉइन लिहिलात, वेळेची मर्यादा न घालता, तर फ्लिंक दोन्ही बाजूंचा सगळा डेटा कायमचा जपून ठेवतं. स्टेट वाढत जाते आणि एक दिवस चेकपॉइंट वेळेत पूर्ण होईनासा होतो. इंटरव्हल जॉइन लिहा किंवा स्टेटला टीटीएल (मुदत) द्या. दुसरं, क्वेरी बदलली किंवा फ्लिंकची आवृत्ती वाढवली की आतला प्लॅन बदलू शकतो, मग जुनी स्टेट नव्या प्लॅनला लागत नाही. जावाच्या जॉबमध्ये प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा यूआयडी (कायमची ओळख) देऊन हे टाळता येतं. एसक्यूएलमध्ये तितका ताबा हातात नसतो. म्हणून ज्याची स्टेट पुसून नव्याने मोजली तरी चालेल अशा कामांना एसक्यूएल उत्तम.

धागाकर्ती

आज टीमबरोबर बसून बरंचसं ठरवलं. सरासरी दुरुस्त करण्याचं लॉजिक, इशारे आणि दोन स्ट्रीमची सांगड फ्लिंकवर जावात. डॅशबोर्डचे आकडे फ्लिंक एसक्यूएलमध्ये, ते पायथनवाले लिहितील. गेटवेवर गो किंवा रस्ट, ते त्या दोघांनी आपसात ठरवायचं.

मॉडेलचं काय करावं ते अजून नक्की नाही. पायथनमधलं मॉडेल जावाच्या जॉबमधून कसं बोलवायचं?

प्रतिसाद १० (क्र. ५ चा लेखक)

दोन वाटा आहेत. मॉडेल ओएनएनएक्स या सामायिक फॉरमॅटमध्ये काढता येत असेल तर ते जॉबच्या आतच लोड करा, ओएनएनएक्स रनटाइमची जावा लायब्ररी आहे. नेटवर्क मध्ये येत नाही, आणि रीप्ले केलं की तेच उत्तर मिळतं. मात्र मॉडेल बदललं की जॉब सेव्हपॉइंटवरून पुन्हा सुरू करावा लागतो, किंवा नवीन मॉडेल ब्रॉडकास्ट स्टेटने पोचवावं लागतं.

दुसरी वाट, मॉडेलची पायथन सर्व्हिस तशीच ठेवायची आणि फ्लिंकच्या असिंक आय/ओने तिला विचारायचं. साध्या मॅपमध्ये थेट कॉल टाकू नका, एकेका उत्तराची वाट बघत सगळा प्रवाह तुंबतो. सर्व्हिस बंद असेल तर काय करायचं तेही आधी ठरवा: टाइमआउट झाला तर रीडिंग अंदाजाशिवाय पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं. मॉडेल वारंवार बदलणार असेल तर ही वाट सोयीची. फीचर (मॉडेलला द्यायचे आकडे) मात्र जावातच तयार करून पाठवा. ट्रेनिंगच्या वेळी वेगळी आणि जॉबमध्ये वेगळी अशी दोन गणितं झाली तर अंदाज चुकतील आणि कारण सापडता सापडणार नाही.

प्रतिसाद ११ (क्र. ४ आणि क्र. २ चा लेखक)

गेटवेची भाषा 'आपसात ठरवा' म्हणून सोडू नका, तिचा परिणाम पुढे दिसतो. जावाचा काफ्का प्रोड्यूसर (मेसेज पाठवणारा भाग) कीवरून, म्हणजे तुमच्याकडे यंत्राच्या ओळखीवरून, पार्टिशन ठरवताना मर्मर२ हॅश वापरतो. सी भाषेतली लिबआरडीकाफ्का, जिच्यावर कॉन्फ्लुएंटचे पायथन व गोचे क्लायंट आणि रस्टचा आरडीकाफ्का उभे आहेत, ती मुळात सीआरसी३२ वापरते. गोच्या सारामा या क्लायंटमध्ये डिफॉल्ट एफएनव्ही आहे, फ्रान्झ-गो हा दुसरा क्लायंट मात्र जावाशी जुळतो. म्हणजे तापमान एका भाषेतून आणि कंपन दुसऱ्या भाषेतून आलं, तर एकाच यंत्राची रीडिंग दोन टॉपिकच्या वेगवेगळ्या क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात. फ्लिंक कीनुसार पुन्हा वाटणी करतं म्हणून तुमचा जॉइन वाचेल. पण उद्या कुणी त्याच टॉपिकवर काफ्का स्ट्रीम्सने जॉइन लिहिला तर जोड्या जुळणारच नाहीत, आणि एररही येणार नाही. लिबआरडीकाफ्कात पार्टिशनर मर्मर२ वर ठेवायची सेटिंग आहे, ती पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

जावाच्या बाजूचीही एक गोष्ट. यंत्राचा प्रकार एनम (ठरलेल्या नावांची यादी) म्हणून ठेवाल, ठीक आहे, पण कीबायसाठी (कीनुसार वाटणीसाठी) स्वतःचा क्लास बनवलात तर त्याच्या हॅशकोडमध्ये एनम घेऊ नका. एनमचा हॅशकोड प्रत्येक जेव्हीएममध्ये वेगळा निघू शकतो, त्यामुळे तोच प्रकार एका मशीनवर एका गटात आणि दुसऱ्यावर दुसऱ्या गटात पडतो. लॅपटॉपवर एकच जेव्हीएम असतं, टेस्ट सगळ्या पास होतात. एनमचं नाव स्ट्रिंग म्हणून द्या.

धागाकर्ती

पार्टिशनरचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आला नसता. गेटवेच्या कॉन्फिगरेशनमध्ये आजच टाकतेय, आणि तापमान व कंपन दोन्ही एकाच क्लायंटमधून पाठवायचे असंही ठरलं. एक शेवटचं विचारते: उशिरा येणाऱ्या डेटाची टेस्ट कशी लिहायची? खरा गेटवे तोडून तासभर थांबणं काही शक्य नाही.

प्रतिसाद १२ (क्र. ६ चा लेखक)

थांबायची गरज नाही. फ्लिंकच्या टेस्ट हार्नेसमध्ये घड्याळ तुमच्या हातात असतं. रेकॉर्ड हव्या त्या वेळेचा शिक्का मारून आत ढकलायचे, वॉटरमार्क स्वतः पुढे न्यायचा आणि बाहेर काय पडलं ते तपासायचं. तासाभराचा खेळ काही मिलिसेकंदांत होतो. तीन टेस्ट तरी लिहाच. पहिली, वॉटरमार्क पुढे गेल्यावर जुनं रीडिंग आलं तर सुधारित सरासरी बाहेर पडते का. दुसरी, मधेच स्नॅपशॉट घेऊन नवा हार्नेस त्यावरून उभा केला तर टायमर परत येतात का. तिसरी, एकच रीडिंग गेटवेने दोनदा पाठवलं तर काय होतं. एक्झॅक्टली-वन्सची हमी काफ्कापासून पुढची आहे. गेटवेने पोच न मिळाल्यामुळे जोडणी आल्यावर तीच रीडिंग नव्याने पाठवली, तर इंजिनच्या दृष्टीने ते दुसरं रीडिंगच असतं. प्रत्येक रीडिंगला गेटवेवरच अनुक्रमांक द्या आणि प्रोसेस फंक्शनमध्ये यंत्रागणिक पाहिलेले अनुक्रमांक काही काळ जपा.